ॲम्ब्रोज मास्टरच्या रेकॉर्डची दुसरी बाजू

ॲम्ब्रोज मास्टरच्या रेकॉर्डला नावं ठेवणारा माणूस माहीमपासून लालबागपर्यंत कुणी बघितला नव्हता. तो पहिला माणूस व्हायची दत्ताराम तळवडेकरची अजिबात इच्छा नव्हती. त्याला फक्त बँडमध्ये काम पाहिजे होतं.

"दोनच शब्द," माहीमच्या गल्लीत शिरताना लहू त्याला परत एकदा सांगत होता. "रेकॉर्ड संपली की मान हलवायची नि बोलायचं, वा मास्टर. बास. स्वतःची अक्कल चालवू नको."

"आणि काय विचारलं तर?"

"काय विचारणार? लोक पाया पडतात त्या रेकॉर्डच्या. तुला कोण विचारतंय?"

लहू माहीमच्या कोळीवाड्यातला. तो आणि दत्ताराम एकाच मिलमध्ये, शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणायचे. मग संप झाला, मिलच्या गेटला टाळं लागलं, आणि आता वर्ष उलटून गेलं तरी ते निघायचं चिन्ह नव्हतं. लहू लग्नाच्या सीझनला आधीपासूनच ॲम्ब्रोज मास्टरच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, त्यामुळे त्याचं कसंतरी भागत होतं. दत्तारामला साचा सोडून दुसरं काहीच चालवता येत नव्हतं. त्याने भाजी विकून बघितली, छत्र्या विकून बघितल्या, दोन्हीत लोकांनी त्याला फसवलं. लालबागच्या खोलीत त्याची बायको मालन लोकांचे पापड लाटत होती नि त्याला काही बोलत नव्हती. ती बोलत नाही याचीच त्याला जास्त भीती वाटायची.

वाजवता येत नाही ही अडचण लहूने आधीच सोडवली होती. लग्नवाल्यांना बँडमध्ये माणसं भरपूर दिसायला लागतात. तेवढे वाजवणारे कोण आणणार? म्हणून प्रत्येक बँडवाला दोनचार डमी ठेवतो. डमीने लाल कोट घालायचा, सोनेरी झालरीची टोपी घालायची, हातात क्लॅरिनेट धरायची आणि गाल फुगवायचे. चुकून आवाज निघू नये म्हणून तोंडाकडची पत्ती काढूनच ठेवलेली असते.

"म्हणजे नुसतं फुगवायचं?" दत्तारामने विचारलं होतं.

"नुसतं नाय. बोटं पण हलवायची. नि चेहऱ्यावर दुःख पायजे. क्लॅरिनेटवाल्याच्या चेहऱ्यावर दुःख असतंच."

ते दत्तारामकडे तयार होतं.

पण डमी असला तरी मास्टरची रेकॉर्ड ऐकल्याशिवाय कुणाला कोट मिळत नसे. पंधरा वर्षांपूर्वी एका कंपनीने ती काढली होती. मोठी, दोन बाजूंची. पहिल्या बाजूवर वरातीत नाचायच्या चाली, त्यात मास्टरची स्वतःची क्लॅरिनेट. ती बाजू लागली की गल्लीतली आजारी माणसंसुद्धा उठून नाचतात, असं लोक सांगायचे. दुसऱ्या बाजूवर काय आहे हे कुणी सांगत नसे. कुणी ऐकलीच नव्हती.

मास्टरच्या घरी भिंतीवर येशूचं चित्र होतं आणि त्याच्या खाली, थोड्याशाच खाली, रेकॉर्डचं कव्हर फ्रेम करून लावलेलं होतं. त्यावर एकटे मास्टर, तरुण, क्लॅरिनेट छातीशी. खरे मास्टर तेवढेच ताठ, पण टक्कल पडलेले. त्यांच्या बायकोने, ग्रेसी आंटीने, दत्तारामपुढे चहा ठेवला.

"बस. डोळे मीट नि ऐक," मास्टर म्हणाले. "उगाच पंख्याकडे बघत ऐकणारी माणसं मला आवडत नाय."

डोळे मीट म्हटलं तिथेच घोटाळा झाला.

साचे बंद पडल्यापासून दत्तारामला झोप नव्हती. नऊ वर्षं तो त्या खडखडाटात उभा राहिला होता. दुपारच्या सुट्टीत दोन साच्यांच्या मध्ये बसून त्याला जशी झोप लागायची, तशी घरी गादीवर कधी लागली नव्हती. आता लालबागला सगळं शांत. तो रात्रभर छताकडे बघत पडायचा नि सकाळी डोळे लाल घेऊन उठायचा. इथे रेकॉर्ड सुरू झाली. ढोल, ताशा, झांजा, वर मास्टरची क्लॅरिनेट, आणि सगळं कसं एका ठेक्यात, धडाधड धडाधड. दत्तारामला वाटलं आपण परत मिलमध्ये, साच्यांच्या खात्यात आलो. आणि पहिल्या चालीचं पहिलं कडवं संपायच्या आत तो बसल्या बसल्या गाढ झोपला.

तो जागा झाला तेव्हा खोलीत शांत होतं. रेकॉर्ड फिरत होती, पण आता नुसती एक क्लॅरिनेट होती, हळू, मध्येच थांबणारी. पोरगी सासरी निघताना वाजवतात तसलं काहीतरी. मग तेही संपलं. समोर मास्टर त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"पूर्ण दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकली," मास्टर ग्रेसी आंटीला म्हणाले. "हललापण नाय. पंधरा वर्षांत असा ऐकणारा नाय बघितला. मी पण बाजू पलटून चालूच ठेवली."

"वा मास्टर," दत्ताराम म्हणाला. लहूने दारातून सुटकेचा श्वास सोडला.

"ते सगळे बोलतात. तू सांग, कुठली बाजू जास्त आवडली?"

लहूचा श्वास परत आत गेला. तो मास्टरच्या पाठीमागून एक बोट दाखवत होता. दत्तारामला ते बोट दिसलं, पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही, त्याला वाटलं लहू 'एक मिनिट' म्हणतोय. आणि त्याने विचार केला तो सरळ होता. पहिली बाजू आपण ऐकलेलीच नाही. ती आवडली म्हटलं नि मास्टरने विचारलं, त्यात काय आवडलं, तर मेलो. निदान दुसरीचं शेवटचं थोडं तरी कानावर पडलंय.

"दुसरी," तो म्हणाला.

आतल्या खोलीत ग्रेसी आंटीच्या हातातलं काहीतरी खाली पडलं.

बाहेर आल्यावर लहू भराभर पुढे चालत सुटला. मग कोळीवाड्याच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "दुसरी बाजू कोणी वाजवलीय माहितीय तुला?"

"मास्टरने."

"मॅथ्यूने. आंटीच्या भावाने. रेकॉर्ड आली तेव्हा कव्हरवर त्याचं नाव नाय नि फोटो पण नाय. त्यावरून भांडण झालं, तो बँड सोडून गेला, प्रभादेवीला स्वतःचा बँड काढला. तेव्हापासून मास्टरच्या घरात त्याचं नाव काढत नाय कोण. आंटीपण नाय. नि तू पहिल्याच दिवशी जाऊन सांगतोस, मॅथ्यू चांगला."

"मी मॅथ्यू कुठे म्हटलं? मी दुसरी म्हटलं."

"दत्त्या, काम गेलं समज."

पण काम गेलं नाही. झालं ते त्याहून वाईट. मास्टरने त्याला कोट दिला, टोपी दिली, पत्ती नसलेली क्लॅरिनेट दिली, आणि दुसऱ्या दिवशी परत घरी बोलावलं.

"काल तुझं लक्ष नसेल," मास्टर म्हणाले. "आज पहिली परत ऐक."

दत्तारामने लक्ष द्यायचं ठरवलं होतं. त्याने मांडीला चिमटा काढला. जिभेखाली मिरीचा दाणा धरला. पण धडाधड सुरू झालं नि त्याची मान छातीवर आली. उठल्यावर मास्टरने विचारलं, "आता?"

आता उत्तर बदलायचं तर काल खोटं बोललो असं होतं. खोटं बोलणाऱ्याला मास्टर एक दिवस ठेवत नाहीत हे त्याला लहूने सांगितलं होतं. "पहिली पण चांगली आहे," तो म्हणाला. "ऐकताना एकदम... शांत वाटतं."

"शांत?" मास्टरचा चेहरा पडला. "वरातीची चाल आहे ती, मॅन. लोक नाचून नाचून चपला तोडतात. तुला शांत वाटतं?"

मग रोजच सुरू झालं. वराती झाल्या की मास्टर त्याला गाठायचे. कधी सुई नवीन बसवून ऐकवायचे, कधी खिडकी उघडी टाकून, कधी त्याला उभं करून. उभ्यानेसुद्धा दत्ताराम झोपला. साच्यावर उभ्याने झोपायची त्याला सवय होती. मास्टर दिवसेंदिवस गप्प होत चालले. एकदा वरातीत वाजवता वाजवता थांबून त्यांनी मागे वळून दत्तारामकडे बघितलं, जसं काही हा आपल्याला मनातून नापास करतोय. दत्तारामने घाबरून गाल अजून फुगवले.

"अहो, तुम्ही त्यांना सांगत का नाही, झोप लागते म्हणून?" मालन पापड लाटता लाटता म्हणाली.

"पंधरा वर्षं लोक ज्या रेकॉर्डवर नाचतायत, तिच्यावर मला झोप लागते हे त्यांना सांगू? नुसतं दुसरी चांगली म्हटलं तर माणूस जेवत नाय. हे ऐकलं तर काय करेल?"

"मग पहिली चांगली म्हणा."

"मग म्हणेल, का चांगली? काय सांगू?"

मालनने यावर विचार केला. "तुम्ही छत्र्याच विकायला हव्या होत्या," ती म्हणाली.

तोवर गोष्ट बाहेर गेली होती. माहीमच्या गल्लीत गोष्ट घरात राहत नाही, आणि ग्रेसी आंटीने ती आपल्या भावापर्यंत पोचवली नसती तरच नवल. एका दुपारी प्रभादेवीला बससाठी उभ्या असलेल्या दत्तारामच्या खांद्यावर हात पडला. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस.

"तूच तो लाल डोळ्यांचा काय? ॲम्ब्रोजच्या घरात बसून दुसरी बाजू चांगली बोललास?"

"चूक झाली," दत्ताराम म्हणाला.

"चूक? पंधरा वर्षांत ती बाजू ऐकणारा पहिला माणूस तू. मी मॅथ्यू." त्याने दत्तारामचा हात दोन्ही हातांत धरला नि सोडेना. "तू क्लॅरिनेट वाजवतोस ना? ज्याला ती बाजू कळली तो साधा वाजवणारा नसणार. ॲम्ब्रोज तुला मागच्या रांगेत उभा करतो. मी तुला पुढे उभा करीन. माझ्या बँडमध्ये ये."

डमी आहे हे सांगावं तर ॲम्ब्रोज मास्टरच्या बँडचं बिंग फुटतं. नाही सांगावं तर हा आपल्याला पुढे उभा करणार. दत्ताराम म्हणाला, "विचार करतो," आणि आलेली पहिली बस पकडली. ती भलतीकडेच जाणारी निघाली.

भोईवाड्यातल्या लग्नात ते सगळं एकदम अंगावर आलं. नवऱ्याकडून वरातीला ॲम्ब्रोज मास्टरचा बँड होता, आणि हॉलच्या दारात स्वागताला नवरीकडच्यांनी मॅथ्यूचा बँड उभा केला होता. दोन बँड समोरासमोर आले की एकमेकांवर चढून वाजवायचं ही रीतच आहे. जो आधी थांबेल तो हरला. नवऱ्याचा मामा गुणाजी यासाठीच पुढे उभा होता. बँडची सगळी माणसं त्याने आल्या आल्या बोट दाखवून मोजून घेतली होती. "मी पुरा बँड सांगितलाय, पुराच पायजे," असं तो सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला होता.

ॲम्ब्रोज मास्टरने पहिली बाजू काढली. लोक नाचायला लागले. मॅथ्यूने त्याच्यावर आपली वेगळी नाचाची चाल लावली. बराच वेळ दोघं चढत राहिले. आणि मग मॅथ्यूने हात वर करून आपला बँड थांबवला. लोक ओरडले, हरला, हरला. मॅथ्यू हसत पुढे आला.

"हरलो, मास्टर. मान्य. पण एक मागणं आहे. तुमच्या मागच्या रांगेत तो पोरगा उभा आहे, तो लाल डोळ्यांचा. खरा वाजवणारा तो आहे. त्याला रेकॉर्डची दुसरी बाजू वाजवायला सांगा. एकट्याला. मग मी टोपी काढतो."

"वा," गुणाजी मामा म्हणाला. "आपल्याच पार्टीचा माणूस. ये रे पुढे."

कुणीतरी दत्तारामला पुढे ढकललं. तो हॉलच्या दारात, झेंडूच्या तोरणाखाली एकटा उभा राहिला. हातात क्लॅरिनेट, क्लॅरिनेटला पत्ती नाही. असती तरी फरक पडला नसता. त्याला मालनच्या पापडाच्या पाट्या दिसल्या, एकावर एक रचलेल्या. त्याने ढोलामागच्या लहूकडे बघितलं. लहू ढोलावर वाकून काहीतरी घट्ट करायला लागला.

"वाजव की," मामा म्हणाला. "का फक्त कोट घालायला आणलाय तुला?"

हे वाक्य ॲम्ब्रोज मास्टरच्या वर्मी लागलं. डमी उघडा पडला तर या मामाने भोईवाड्यापासून परळपर्यंत सांगितलं असतं, ॲम्ब्रोज मास्टर नुसते कोट मोजून देतो. मास्टर दत्तारामच्या मागे येऊन उभे राहिले. आधी त्यांनी त्याची टोपी नीट केली, जसं काही शिष्याला आशीर्वाद देतायत. मग त्याच्या पाठीला पोट लावून हळूच म्हणाले, "बोटं हलव. मान खाली. नि दुःख ठेव चेहऱ्यावर."

आणि मागून, त्याच्या पाठीआड, मास्टरची क्लॅरिनेट सुरू झाली.

दुसरी बाजू. पंधरा वर्षांत मास्टरने ती एकदाही वाजवली नव्हती, निदान कुणासमोर तरी नाही. पण त्यांना ती पूर्ण येत होती. दत्ताराम गाल फुगवत होता, बोटं हलवत होता, आणि घामाने त्याचा कोट आतून भिजला होता. समोर मॅथ्यूचा चेहरा बदलत गेला. त्याने दत्तारामकडे बघणं सोडलं नि त्याच्या खांद्यावरून मागे बघायला लागला. मधल्या एका जागी, जिथे रेकॉर्डमध्ये सूर खूप वर जाऊन थांबतो, तिथे मास्टरचा दम संपला. क्षणभर काहीच नाही. आणि समोरून मॅथ्यूने आपली क्लॅरिनेट तोंडाला लावली नि तिथूनच पुढे उचललं.

एवढ्यात एक भलताच प्रकार झाला. ती चाल पोरगी सासरी निघतानाची. आणि अजून अक्षतासुद्धा पडल्या नव्हत्या. हॉलच्या आत नवरीच्या आईने ती ऐकली नि पदर डोळ्याला लावला. तिला बघून मावशी रडायला लागली. मावशीला बघून आजी. बायकांचा हंबरडा ऐकून आत खोलीत नटून बसलेली नवरी रडायला लागली, तिचं काजळ गालावर आलं, आणि तिने हार घालायला बाहेर यायचंच नाकारलं.

"मला नाय जायचं आईला सोडून," आतून ऐकू आलं.

"अरे काय चाललंय?" गुणाजी मामा ओरडला. "मुहूर्त जवळ आलाय, नि तुम्ही पोरगी पाठवायला निघालात काय? थांबवा ते."

कुणी थांबवेना. दोघंही डोळे मिटून वाजवत होते. शेवटी लहूनेच ढोल हाणला. धडाधड, पहिली बाजू. सगळा बँड त्यात पडला, मॅथ्यूचा बँडपण पडला, नवऱ्याच्या मित्रांनी हॉलमध्ये घुसून नाचायला सुरुवात केली. नवरीला तिच्या मैत्रिणींनी तोंड धुवून बाहेर आणली. अक्षता वेळेवर पडल्या, फक्त फोटोत नवरीचे डोळे सुजलेले आले.

जेवणानंतर गुणाजी मामा दत्तारामला शोधत आला. दत्तारामने कोट काढून हातात धरला होता. कोट परत मागतील म्हणून त्याने तो आधीच घडी घालून ठेवला होता.

"काय वाजवतोस रे," मामा म्हणाला. त्याचेही डोळे लाल होते. "मी रागावलो त्या वक्ताला. पण एवढ्या बायका एकदम रडताना मी अख्ख्या भोईवाड्यात नाय बघितल्या. माझ्या पोरीचं लग्न आहे. निघायच्या टायमाला तूच वाजवायचास. मास्टर, हाच पोरगा पायजे, सांगून ठेवतो."

"हाच येईल," मास्टर दत्तारामकडे न बघता म्हणाले. "याच्याशिवाय मी बँड काढतच नाय."

अशा रीतीने दत्तारामचं काम पक्कं झालं. वाजवता येत नसलेला माणूस बँडचा मुख्य क्लॅरिनेटवाला झाला आणि ॲम्ब्रोज मास्टर त्याच्या मागे उभे राहायला लागले. त्या दिवसापासून तो घरी गेला की आडवा पडून सरळ झोपायला लागला. मालनला त्याचं घोरणं ऐकून बरं वाटायचं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

रविवारी मास्टरने त्याला घरी जेवायला बोलावलं. मॅथ्यू आधीच येऊन बसला होता. ग्रेसी आंटी भावाला बघून दोनदा आत जाऊन डोळे पुसून आली. जेवणं झाली. मास्टरने रेकॉर्ड काढली नि दुसरी बाजू लावली. मास्टर, मॅथ्यू नि आंटी, तिघंही ती शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"दत्ता, तुला एक सांगतो," मास्टर म्हणाले. "भायेर बोलायचं नाय. मला ती पहिली बाजू कधी आवडलीच नाय. नुसता गोंगाट. कंपनीवाले बोलले असंच पायजे, लोक नाचले, मग मी पण बोलत राहिलो, पहिलीच चांगली. पंधरा वर्षं सगळे, वा मास्टर, वा मास्टर. खरी बाजू याची होती. मला ठाऊक होतं. पण तू आलास, नि तू तोंडावर बोललास."

"माझ्या भावाचीच चांगली आहे," ग्रेसी आंटी म्हणाली. "मी पंधरा वर्षं गप्प बसले."

"तुझ्यासारखा कान पायजे," मॅथ्यू म्हणाला. "पहिली ऐकून शांत वाटतं बोललास तू. काय टोमणा मारलास. मी प्रभादेवीला सगळ्यांना सांगितला."

"लाव रे पहिली," मास्टर हसत म्हणाले. "सगळे मिळून ऐकू, कशी गचाळ आहे ती."

मॅथ्यूने रेकॉर्ड पलटली. सुई बसली. ढोल आला, ताशा आला, आणि मग मास्टरची क्लॅरिनेट, तरुणपणची, उड्या मारत.

दत्ताराम वाट बघत राहिला, पण झोप आली नाही. आठवडाभर पुरेशी झोप घेतलेला माणूस होता तो. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पहिली बाजू जागेपणी ऐकली; वरातीत मागच्या रांगेत ढोलापुढे मास्टरची क्लॅरिनेट त्याला कधी धड ऐकूच आली नव्हती. पहिली चाल संपली, दुसरी आली. त्या चालीत मास्टरने एका ठिकाणी असा काही सूर फिरवला होता की दत्तारामच्या अंगावर काटा आला. त्याला वाटलं आत्ता उठावं नि या टेबलाभोवती नाचावं. असं काही त्याने कधी ऐकलंच नव्हतं. मॅथ्यूची चाल याच्यापुढे कुठल्या कुठे.

त्याने घाबरून तिघांकडे बघितलं. तिघंही तोंड वाकडं करून ऐकत होते.

"बघ, कसा गोंगाट," मास्टर म्हणाले. "खरं सांग दत्ता, तू खोटं बोलत नाय म्हणून विचारतो. कशी वाटते?"

दत्तारामचा उजवा पाय टेबलाखाली ठेका धरत होता. त्याने डाव्या पायाने तो दाबून धरला, चेहऱ्यावर दुःख आणलं आणि म्हणाला, "दुसरीची सर नाय, मास्टर."